अण्णांचं इंजेक्शन आणि साखर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

अण्णांना प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड इंजेक्शन दिलं आणि दीड महिन्यात जेवणानंतरची साखर १८० वरून २६० वर गेली. त्यावरून घरात सगळे त्यांच्या आंब्यावर तुटून पडलेत म्हणे. बिचाऱ्या आंब्याला जरा सोडा. मुख्य संशयित इंजेक्शन आहे.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवायचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. इंजेक्शन तिला आधी चाळवतं, मग थकवतं. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. त्याचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या त्या दिवसांसाठीच होत्या. तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली येतं आणि प्रोस्टेटच्या गाठीची रसद तुटते. पण स्नायूही त्याच हार्मोनवर पोसलेले. जेवणातली बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. ते आटले, पोटावर चरबी चढली, की अंगात इन्शुलिन असूनही पुरत नाही. वजनकाटा यात फसवतो, कारण मांस जातं तिथे चरबी येते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा टेपने कंबर मोज. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्येच या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा इशारा घालायला लावला. आपल्याकडे तो कागद खोक्यातून निघून थेट केराच्या टोपलीत जातो.

इंजेक्शन मात्र थांबवायचं नाही. बदलायचं ते साखरेचं औषध, तेही मधुमेहाच्या डॉक्टरांनी. यूरॉलॉजिस्टची फाइल त्यांच्यापुढे ठेव. बरेचदा एकाचं दुसऱ्याला ठाऊकच नसतं.

आता रात्रीच्या घामाचं. अण्णा ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, घेतात ना? मग प्रत्येक घाम ‘इंजेक्शनची गरमी’ म्हणून सोडून देऊ नकोस. इंजेक्शनची लाट छातीतून चेहऱ्याकडे चढते, अंग तापतं, घाम येतो आणि काही मिनिटांत ओसरते. साखर उतरली तर अंग गार, चिकट. हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, बोलणं तुटक होतं. अंधारात दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून ग्लुकोमीटर उशाशी ठेव. ७० च्या खाली आकडा असेल आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. बिस्किट किंवा दूध नको, चढायला वेळ लागतो. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नकोस, सरळ दवाखान्यात ने.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एकट्या एचबीए१सी तपासणीवर विसंबू नकोस. या उपचारात हिमोग्लोबिन उतरतं आणि त्याने तो आकडा फसवा होऊ शकतो. घरी आठवड्यातून दोन दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिही. लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाबही बघून घ्या. हाडं विरळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं डॉक्टरांना विचार.

लघवीला सारखं जावं लागतं त्याचा सगळा दोष प्रोस्टेटला देऊ नकोस. साखर २५० च्या पुढे गेली की लघवी वाढतेच. मधुमेहाचं डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते साखर लघवीवाटेच बाहेर काढतं. शिवाय जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, पिशवी भरल्याचं कळत नाही आणि ती पूर्ण रिकामीही होत नाही. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर आत किती उरली ते मोजून घे. आणि लघवी मोकळी व्हायला टॅम्सुलोसिन घेत असतील तर उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायला सांग, नाहीतर चक्कर येऊन पडतील.

पुढे कधी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अबिरॅटेरोन लिहून दिलं तर दोन गोष्टी आठव. ते अनशापोटी घ्यायचं: खाऊन दोन तास झालेले हवेत आणि नंतर तासभर काही खायचं नाही. म्हणून ग्लिमेपिराइड त्याच्याबरोबर नको, नाश्त्याच्या वेळी. दुसरं, मधुमेहाचं पायोग्लिटाझोन किंवा रेपाग्लिनाइड चालू असेल तर आधी सांगा. त्यांच्या जोडीने साखर एकदम कोसळल्याचं दिसून आलंय. अबिरॅटेरोनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतंच. त्याने साखर दुपारनंतर चढते, सकाळचा आकडा छान दिसतो आणि आपण गाफील राहतो.

आणि अण्णांना नुसतं फिरायला पाठवू नकोस, त्याने स्नायू टिकत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घे.

रविवारी फोन कर, वही समोर घेऊन बस. आंबा किती आणि कधी, ते आकडे बघून ठरवू.

तुझा,
मोहन