वासे काढण्याआधी

पणजी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

शनिवार-रविवारी मी हाताने ड्रॉइंग शिकायला जाते, ते फोनवर नीट सांगणं झालं नाही. "आता सगळं कॉम्प्युटरवर होतं ना?" असं बाबांनी विचारलं. ऑफिसचं होतंच, आणि होऊ दे. पण स्क्रीनवर भिंत दोन क्लिकमध्ये उभी राहते, ती केवढी जाड आहे याचा विचारही मनात येत नाही. कागदावर 1:50 ला, म्हणजे पन्नासपट लहान काढताना, मीटरचे दोन सेंटिमीटर होतात, आपली चिऱ्यांची दीड फुटी भिंत साधारण नऊ मिलिमीटर. तेवढं अंतर स्वतः आखलं की भिंतीचं वजन कळतं.

शिकवणारे सर जुने ड्राफ्ट्समन. सुरुवातीला नुसत्या रेघा. टी-स्क्वेअरचं, म्हणजे इंग्रजी T सारख्या लांब पट्टीचं, डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला घट्ट दाबायचं आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची. नाही फिरवली तर टोक एकाच बाजूने झिजतं आणि रेघ जाड होत जाते. आधी टू-एच या कडक पेन्सिलीने पुसट आखणी, मग एचबी या मऊ पेन्सिलीने ठळक. छेदात, म्हणजे घर मधोमध कापल्यासारखं दाखवतात त्या चित्रात, जी भिंत कापली जाते तिची रेघ सगळ्यांत जाड. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट होऊन फुगतो, म्हणून सर सारखं बजावतात, कागदावर पट्टी लावून माप काढू नका, लिहिलेलं माप धरा. मला हे फार आवडलं.

हे सगळं मला आपल्या डिचोलीच्या घरासाठी हवंय. जुन्या घरात कोपरा काटकोनात असेलच असं नसतं. म्हणून खोलीच्या चार बाजूंबरोबर कर्णही मोजायचे. मग कंपासने दोन बाजूंनी कंस मारले की कोपरा नेमका जिथे आहे तिथे सापडतो. राजांगणाचे खांब, पडवीचा उतार, आजोबांनी मागून वाढवलेली खोली, सगळं काढायचंय. छप्पर एकदा उतरवलं की कुठला वासा कुठे टेकला होता, कोण सांगणार?

तेव्हा बाबा, सुताराला दसऱ्यानंतरच बोलवा. चतुर्थीला येईन तेव्हा मापं घेते; टेपचं दुसरं टोक तुम्ही धरायचं. आणि आई, कुठलं दार कधी बुजवलं ते तुलाच ठाऊक, तू शेजारी बसून सांग. माळ्यावरच्या पेट्या मी हलवीन, तू चढू नकोस.

तुमची,
सुमा