उंबर फोडून दाखवा

परागीभवन म्हटलं की वर्गात फळ्यावर जास्वंदाची आकृती ठरलेली. पुण्यात नदीकाठी, अगदी जुन्या वाड्यांच्या भिंतींतही उंबर उगवलेला दिसतो. त्याचं पिकू लागलेलं फळ मुलांसमोर फोडा. आत असंख्य बारीक फुलं दिसतील, आणि वळवळणारे तिळाएवढे कीटक. या गांधीलमाशीच्या नातलग. मादी टोकाच्या इवल्या छिद्रातून आत घुसते. घुसताना बहुधा पंख तुटतात. ती पराग पोचवते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या फळाकडे उडतात. हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल व्याख्या घोकणार नाही. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही, एक भिंग पुरे. शिक्षकांनी एक तास तरी मुलांना झाडाखाली न्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे