ओटीपोटातलं दुखणं ‘असतंच’ कसं?

ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात शुगरपासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोललं जातं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं मात्र ‘बायकांचं असतंच’ म्हणून अंगावर काढतात. यामागे गर्भाशय, गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग असू शकतो. अमेरिकेतल्या २०१३-१४च्या पाहणीत १८ ते ४४ वयाच्या, शरीरसंबंध आलेल्या ४.४ टक्के स्त्रियांनी हे निदान झाल्याचं सांगितलं. लक्षणं सौम्य असली की निदानच होत नाही, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. पुढे वंध्यत्व येऊ शकतं, गर्भ नलिकेतच रुजू शकतो. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये (शरीरसंबंधातून होणाऱ्या व प्रजनन अवयवांच्या संसर्गांसाठीचे दवाखाने) उपचार मोफत आहेत. नवऱ्यालाही ते घ्यावे लागतात (तो येतो का, हा प्रश्न वेगळा). ठाणे, नवी मुंबई महापालिकांनी या क्लिनिकचे पत्ते निदान स्टेशनांबाहेर तरी लावावेत.

– एक वाचक, ऐरोली