अँटिबायोटिकनंतरच्या त्रासावर कुणी बोलतच नाही

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात मला लघवीचं इन्फेक्शन झालं, सात दिवसांचा कोर्स पूर्ण केला, जळजळ थांबली पण लगेच पुढच्या आठवड्यात खाली खाज सुटली आणि दह्याच्या कवडीसारखं पांढरं जायला लागलं. मेडिकलवाल्याने न विचारताच प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंच्या, कॅप्सूलची स्ट्रिप पुढे केली, मी ती आठ दिवस घेतली, फरक शून्य. शेवटी लेडी डॉक्टरकडे गेले तेव्हा कळलं की हे फंगल आहे, त्याला फंगलचंच औषध लागतं!

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते लॅक्टिक अॅसिड तयार करतात म्हणून तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीच्यांना डोकं वर काढता येत नाही. अँटिबायोटिकने हेही मरतात. त्यातही लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा खास योनीतला जंतू, विरजणातले वेगळे, त्यामुळे दही खुशाल खा पण आत लावायचे उद्योग कृपा करून करू नका. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात बॅक्टेरियल व्हजायनोसिस (चांगले जंतू कमी होऊन दुसरे जंतू वाढण्याचा योनीचा आजार, फंगलपेक्षा वेगळा) याच्या औषधानंतर हाच क्रिस्पॅटस योनीमार्गे दिला तर १२ आठवड्यांत त्रास परत होण्याचं प्रमाण ४५ वरून ३० टक्क्यांवर आलं. म्हणजे उपयोग आहे, पण ठराविक जंतूचा, ठराविक आजारात, औषधाच्या जोडीला. दुकानातल्या प्रत्येक डबीला ते लागू होत नाही.

अँटिबायोटिक लिहून देतानाच डॉक्टरांनी "खाज आली, वास आला तर परत या" एवढं बायकांना सांगावं, मी लाजून दहा दिवस घरात कुणाला बोलले नव्हते.

- एक वाचक, सातारा