महापौरांचे वजन आणि खुर्च्यांचे गाव

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या 'मार्केट टाउन'ला नुसते 'बाजाराचे गाव' म्हटले की अर्धा अर्थ हरवतो. तिथे बाजार भरवणे हा मध्ययुगात राजाच्या सनदेने मिळणारा हक्क होता आणि गावाची ओळख त्या हक्काभोवतीच घडली.

बकिंगहॅमशायरमधले हाय विकम पाहा. चिल्टर्न टेकड्यांतल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलामुळे इथे विंडसर खुर्ची, म्हणजे जाड लाकडी बैठकीत पाय आणि पाठीच्या काड्या ठोकून बसवलेली खुर्ची, बनू लागली. कारागीर जंगलातच ओल्या बीचचे पाय कातत, कारण ओले लाकूड सहज कापले जाते. बैठकीला मात्र एल्म या झाडाचे लाकूडच हवे. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे पायांसाठी भोके पाडली तरी फळी चिरत नाही. पाठीची कमान वाफेवर मऊ करून वाकवतात. १८७५ च्या सुमारास इथे दिवसाला ४,७०० खुर्च्या बनत असा अंदाज आहे. गावच्या फुटबॉल संघाला आजही 'चेअरबॉइज' म्हणतात.

१६७८ पासूनची एक प्रथा तर मला फार मोलाची वाटते. दरवर्षी महापौरांचे भर चौकात वजन होते. वर्षभरात ते वाढले असेल तर 'अँड सम मोअर' ('आणि वर थोडे जास्त') अशी ललकारी दिली जाते. म्हणजे जनतेच्या पैशावर पोट सुटले! १९७४ मध्ये जुनी बरो नगरपालिका संपली, २०२० मध्ये जिल्हा परिषदही गेली. तरी सनद-विश्वस्तांनी, म्हणजे नगरपालिका गेल्यावर गावाचे सनदी मान सांभाळणाऱ्या मंडळाने, महापौरपद आणि तराजू, दोन्ही जपले आहेत. नगरपालिकांच्या हद्दी बदलताना आपल्याकडेही अशी तरतूद व्हावी.

– एक वाचक