आधी मोजून हरवा, मग पाठिंबा मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंडखोरांवरच्या कारवाईच्या बातम्या तुमच्या अंकात वाचते आहे. त्यावर एका वाचकाने लिहिलं की, तिकीट न मिळालेल्याने मुकाट्याने अधिकृत उमेदवाराचं काम करावं. त्यातला 'मुकाट्याने' हा शब्द मला लागला. २०१७ साली मी हे काम केलेलं आहे. अधिकृत उमेदवाराचं काम मनापासून केलं, दारोदार फिरून केलं, पण मुकाट्याने केलं नाही. म्हणून हे पत्र.

मी आर्वी तालुक्यातली. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बारा वर्षं बचत गट चालवल्यावर, फेब्रुवारी २०१७ च्या पंचायत समिती निवडणुकीत आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलेसाठी सुटला, तेव्हा गटातल्या बायकाच म्हणाल्या, आता तू उभी राहा. पक्षाचं काम आमच्या घरात सासऱ्यांपासून चालत आलेलं. मुलाखतीला तालुक्याच्या विश्रामगृहावर बोलावलं होतं. मी पिशवीत गणाची मतदार यादी घेऊन गेले होते. महिनाभर रात्री जेवणं आटोपल्यावर त्या यादीवर मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आपलं घर असेल तर बरोबरची खूण, मन दोलायमान असेल तर गोल, आणि नागपूरला किंवा सुरतेला कामाला गेलेला असेल तर 'बा', म्हणजे बाहेर. वाटलं होतं, यादी विचारतील. समोर चौघे बसले होते. पहिला प्रश्न आला, यजमान काय करतात. दुसरा, "ताई, तुमचं काम कोनी नाकारत नाही. पन गणात किती पैसे लावता, ते सांगा." यादी पिशवीतच राहिली.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही अकरा बायका तहसीलला गेलो. एक अर्ज पक्षाचा आणि एक अपक्ष, असे दोन्ही भरून ठेवा, असं सगळ्याच इच्छुकांना सांगितलेलं असतं. तीन वाजता दार बंद होणार होतं. अडीचच्या सुमारास एक मुलगा मोटारसायकलवर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, घेऊन आला. त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं. तिचे यजमान ठेकेदार. ती बाई वाईट नव्हती, आजही नाही. पण मी तिला पक्षाच्या एकाही बैठकीत पाहिलेलं नव्हतं. माझ्या गटातली एक म्हातारी तिथल्या पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "मायबाई, तुयं नाव कोनी खोडलं ते तरी सांगा म्हना." ते कोणीच सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

संपादक महोदय, माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्याकडून मला अमेरिकेतली पद्धत कळली. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी मतदानाने ठरतं. राज्याराज्यात पक्षाचे मतदार मतं टाकतात, ती मोजली जातात, आणि मग एकाच पक्षातले चार-सहा जण हरतात आणि एक जिंकतो. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन अशाच बराक ओबामांकडून हरल्या. वर्षभर दोघांनी एकमेकांवर जोरदार टीका केली होती. तरी ७ जून २००८ ला त्यांनी आपल्या समर्थकांसमोर उभं राहून ओबामांना पाठिंबा दिला, आणि ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात नावाची घोषणा एकमुखाने व्हावी, हा प्रस्तावही त्यांनीच मांडला. त्यांच्या मागच्या कितीतरी बायका तेव्हा रडत होत्या, चिडल्या होत्या. हे मी वाचलं तेव्हा मला तहसीलच्या पायरीवरची ती म्हातारी आठवली. फरक एवढाच की हिलरीबाईंच्या बायकांना आकडा माहीत होता. किती मतांनी, कुठल्या राज्यात, कोणाकडून हरलो, हे समोर होतं.

तिथल्या बहुतेक राज्यांत असाही कायदा आहे की, पक्षांतर्गत मतदानात हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष उभं राहता येत नाही. सगळीकडे नाही. कनेक्टिकट राज्यात सिनेटर जो लिबरमन २००६ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच पक्षात हरले, अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये निवडूनही आले. म्हणजे बंडखोरी फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. पण जिथे मोजून हरवलं, तिथे 'आता अपक्ष उभं राहू नको' असं सांगायचा हक्क तरी उरतो. मला तो हक्क कोणी कशाच्या जोरावर सांगणार होतं? मी हरलेच नव्हते. मला बाजूला केलं होतं.

तरीही मी अर्ज मागे घेतला. तो का घेतला, हे मात्र सांगायलाच हवं, कारण पुढाऱ्यांना वाटलं, ताई समजदार आहेत. मधल्या दिवसांत घरी रीघ लागली होती. दीर म्हणाला, "कपबशी चिन्ह घे वहिनी, अख्खा गण तुया मागं हाय." तो पूर्ण चुकीचंही बोलत नव्हता. पक्षाचे दोन पुढारी आले, अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले, पक्ष तुमाले विसरनार नाही म्हणाले. यजमान एवढंच म्हणाले, "तुले वाटते ते कर, मांगून मले दोष नको देजो." मी ती यादी काढली आणि दिव्याखाली पुन्हा मोजली. माझ्या बरोबरच्या खुणा आणि त्या बाईला मिळतील अशी घरं, दोन्ही वेगवेगळी केली तर आम्ही दोघीही पडत होतो. आणि जी निवडून येत होती, तिच्या पॅनलमागे हातभट्टीवाले उभे होते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी आमच्या भागात दारू गाळली जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. आमच्या गटाने नाल्यातली मडकी फोडली होती, सडवा मातीत ओतला होता, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या होत्या. त्या लोकांची बाई पंचायत समितीत जाऊन बसणार आणि तिला वाट करून देणारी मी असणार, हे मला झेपलं नाही. मी त्या बाईसाठी मागे हटले नाही, पक्षासाठीही नाही. त्या नाल्यासाठी हटले.

मग मी स्वतः तिच्या अंगणात गेले आणि यादी तिच्या हातात दिली. खुणा समजावून सांगितल्या. ती थोडा वेळ यादीकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "एवढं तर आमच्याकडं कोनाकडंच नाही." हरभऱ्याची सोंगणी सुरू होती, दिवसभर बाया शेतात, म्हणून आम्ही सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर फिरायचो. पुष्कळ दारांत मला विचारलं, तू हिच्यासाठी कशी आलीस? मी दरवेळी खरं सांगितलं. तिकीट मला मिळायला हवं होतं असं मला वाटतं, आणि तरी मत हिलाच द्या, असं सांगितलं. उमेदवार बाजूला उभी असताना सांगितलं. म्हणून म्हणते, मुकाट्याने नाही. ती शंभराच्या आतल्या फरकाने निवडून आली.

शेजारच्या गणात आमच्याच पक्षाच्या नाराज कार्यकर्त्याने अपक्ष लढत दिली. चांगला माणूस, रात्री-बेरात्री दवाखान्यात धावून जाणारा. तो पडला, अधिकृत उमेदवारही पडला, दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त होती. त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. त्याने जे केलं ते उघड केलं, स्वतःच्या नावाने केलं.

मला खरा राग आहे तो तिसऱ्या प्रकाराचा. दिवसा उमेदवाराच्या गाडीत पुढच्या सीटवर, गळ्यात दुपट्टा, स्टेजवर हात उंचावलेले, आणि रात्री चार घरं गाठून 'यंदा जरा थांबा, आपल्या मानसाले धडा शिकवू'. असे 'आतून' काम करणारे प्रत्येक पक्षात आहेत. निकालानंतर हेच पुढच्या रांगेत गुलाल उधळायला असतात. आणि पक्ष कारवाई करतो ती उघड उभं राहिलेल्यावर, कारण त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं असतं. आतून करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. मुकाट्याने काम करा असं सांगितलं की असेच लोक तयार होतात. तोंड दाबलं की माणूस हाताने बोलतो.

पाठिंबा नाकारायची वेळही येऊ शकते, हे मला मान्य आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये पक्षांतर्गत मतदानात हरलेल्या टेड क्रुझ यांनी रिपब्लिकन पक्षाच्या क्लीव्हलंडच्या अधिवेशनात भर व्यासपीठावर जिंकलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचं टाळलं, विवेकाला स्मरून मत द्या म्हणाले, आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनी पाठिंबा दिलाच. आपल्याकडे हे शब्द नवे नाहीत. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, आणि इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितलं. व्ही. व्ही. गिरी अपक्ष निवडून आले आणि वर्ष संपायच्या आत काँग्रेस दुभंगली. अंतरात्म्याचा आवाज खरा असेल तर त्याची किंमतही तेवढी मोठी असते. माझ्या गणात पक्षाने हातभट्टीवाल्यांच्याच बाईला तिकीट दिलं असतं तर मी पाठिंबा दिला नसता. पण तसं पत्र लिहून, पद सोडून, दिवसाढवळ्या सांगितलं असतं.

आमच्याच आर्वीत २०२४ च्या विधानसभेला सगळ्या राज्याने पाहिलं की विद्यमान आमदार दादाराव केचे यांना भाजपचं तिकीट मिळालं नाही, ते सुमीत वानखेडे यांना मिळालं. केचे यांनी अपक्ष अर्ज भरला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायची मुदत संपत होती. त्यांनी तो मागे घेतला, वानखेडे निवडून आले आणि मार्च २०२५ मध्ये केचे विधान परिषदेवर गेले. यात मला कोणाला नावं ठेवायची नाहीत, एका ज्येष्ठ माणसाचा मान राखला गेला, बरंच झालं. पण आमदाराला विधान परिषद आहे, महामंडळं आहेत. गणातल्या बाईला समजूत म्हणून द्यायला पक्षाकडे काय आहे? मला पाच वर्षांत त्या दोन पुढाऱ्यांपैकी एकाचाही फोन आला नाही. निवडून आलेल्या बाईच्या नावाने सगळा कारभार तिचे यजमानच बघायचे. माझी यादीही परत आली नाही.

पक्षांतर बंदी १९८५ पासून घटनेच्या दहाव्या अनुसूचीत आहे. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा वेगळा कायदाही आहे. म्हणजे निवडून आल्यावर पक्षाशी एकनिष्ठ राहायची सक्ती आहे. मात्र पक्षाने तिकीट देताना कार्यकर्त्यांशी कसं वागावं, याचं बंधन कुठल्याच कायद्यात नाही. दोर एकाच बाजूने बांधलेला आहे.

कोणी म्हणेल, असं मतदान आपल्याकडे चालणार नाही. मग वर्ध्याची आठवण करून देते. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले, त्यात आपला वर्धा होता. सागर मेघे यांची निवड झाली, पुढे ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि लोक म्हणाले, बघा, प्रयोग फसला. त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी दोनच जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. जिथे वरून तिकिटं वाटली तिथेही उमेदवार पडलेच ना? मग एका वर्ध्यावरून मतदानाची पद्धतच कशी निकालात काढता? माझी त्या प्रयोगाबद्दल तक्रार उलटी आहे. मत फक्त पदाधिकाऱ्यांना होतं. पोस्टर लावणाऱ्याला, सतरंज्या उचलणाऱ्याला, सभेला पोळ्या लाटणाऱ्या बाईला ते नव्हतं.

आमच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले. निवडणुकीचं वारं आलं की माझ्या दारी पुन्हा माणसं येतात. गण कोणासाठी सुटतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. पण मी पक्षाच्या तालुका अध्यक्षांना लेखी दिलं आहे. आमच्या गणातले पक्षाचे जेवढे नोंदलेले सभासद असतील, त्यांना एका रविवारी समाजमंदिरात बोलवा. बायका शेतातून परत येतील अशी वेळ ठेवा. जेवढे इच्छुक असतील त्यांची नावं फळ्यावर लिहा, चिठ्ठ्या टाका आणि सगळ्यांसमोर मोजा. मी एका मताने हरले तरी त्याच रात्री नवी यादी घेऊन जिंकलेल्याच्या अंगणात जाईन, आणि मतदानाच्या दिवसापर्यंत तिच्यासोबत किंवा त्याच्यासोबत फिरेन.

पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही. नवी मतदार यादी मी काढून आणली आहे. तीन वॉर्डांच्या खुणा झाल्या आहेत. त्या पायरीवरच्या म्हातारीचं नाव यावेळी यादीत नाही, ती गेल्या वर्षी वारली. तिच्या नातीचं नाव पहिल्यांदाच लागलं आहे. तिच्या नावापुढे मी अजून काहीच खूण केलेली नाही. आधी तिलाच विचारणार आहे.

आपली,
एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा

(माझं नाव छापू नये, ही विनंती. ती निवडून आलेली बाई आणि मी आजही एकाच नळावर पाणी भरतो.)