अण्णा, तुमच्या ट्रंकेतल्या हँडबिलांसाठी

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण उघडं ठेवतेय, तमाशाच्या फडातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून. तुम्ही असता तर "कशाला गं हे?" म्हणून विषय बदलला असता. आता ती सोय तुम्हाला नाही, तेवढा फायदा घेते.

तुमच्या ढोलकीबद्दल लोक बोलतातच. गणाआधी तुमचा तोडा आणि त्याला हलगीचं उत्तर ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी वेगळं काय सांगणार? मला बोलायचंय ते तुमच्या लोखंडी ट्रंकेबद्दल.

तमाशाच्या हँडबिलावर वर फडमालकाचं नाव, खाली नर्तकींची, मग सोंगाड्या, जागा उरली तर ढोलकीपटू. हलगी, झांज, तुणतुणं वाजवणारी माणसं त्यावर कधी आलीच नाहीत. तुम्ही मात्र खेळ झाला की ते हँडबिल उलटं करायचात आणि पेन्सिलीनं लिहायचात: गाव, जत्रा, वग कोणता, हलगीवर कोण, तुणतुण्यावर कोण, झील कुणी धरली, म्हणजे मागून सूर कुणी ओढला. माझ्या बाबांचं नाव तर वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. फडात त्यांना सगळे "ए तुणतुणं" म्हणूनच हाक मारायचे. एक तार, तीही एकाच सुरावर. गाणारीला टेकायला म्हणून तो सूर रात्रभर धरून बसायचं. उतरला तर शिव्या, नीट राहिला तर कुणाच्या ध्यानातही नाही.

2020 साली पाडवा 25 मार्चला होता आणि नेमकं त्याच दिवशी देशभर सगळं बंद झालं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रावाले खेळाची सुपारी द्यायला येतात, वर्षाचा हिशोब तिथेच ठरतो. त्या वर्षी सुपाऱ्याही गेल्या आणि जत्राही, पुढच्या वर्षीही तेच. मालकांनी कर्ज काढलं. हलगीवाल्याला कर्ज तरी कोण देणार?

तेव्हा तुम्ही ट्रंक उघडलीत. सरकारकडून पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना मानधन मिळतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अर्जाला कलेचा पुरावा लागतो. फोटो, प्रमाणपत्रं, कात्रणं. बाबांकडे होतं काय? एक तुणतुणं आणि बसलेला आवाज. पेन्सिलीचं लिखाण समिती थोडीच मानणार! पण तुम्ही तीच हँडबिलं पिशवीत घालून फडमालकांची दारं गाठलीत. तारीख, गाव, वग, सगळं समोर ठेवल्यावर "आठवत नाही बुवा" म्हणायची सोय राहिली नाही. लेटरहेडवर दाखले मिळाले. (हे काम मालकांनीच आपणहून करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही ते कधी बोलला नाहीत.) बाबांना आधी 'क' वर्गात, म्हणजे स्थानिक कलावंत म्हणून, मानधन मंजूर झालं, 2024 पासून सरसकट महिना 5000 झालं. बँकेच्या पासबुकात त्यांचं नाव पूर्ण छापलेलं आहे. ते पान ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

त्यांच्या मुलीला ढोलकीवर बसवलंत, तेही तुम्हीच. त्यावरून झालेली कुजबुज तुम्ही ऐकली न ऐकल्यासारखी केलीत. मला पहिले कितीतरी दिवस बोल दिलेच नाहीत, नुसती ढोलकी सुरात मिळवायला लावलीत. मांडीवर आडवी घेऊन चाटेवर, म्हणजे पानाच्या कडेवर, एक बोट मारत गोल फिरायचं, जिथे आवाज बसका येईल तिथली दोरीतली कडी अंगठ्यानं सरकवायची, पुन्हा पहिल्यापासून फिरायचं. पावसाळी हवेत कातड्याचं पान इतकं उतरायचं की रडू यायचं. आणि वाजवायला लागल्यावर एकच धाक: बाई गात असेल तर ढोलकी खाली, अदा सुरू झाली की वर. "तिचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले पाहिजेत, तुझी थाप नाही गेली तरी चालेल." आजही बैठकीत माझा हात सुटायला लागला की हे आठवतं आणि मुकाट्यानं खाली येते.

ट्रंक आता माझ्याकडे आहे. काही हँडबिलं घडीवर फाटलीत, पेन्सील पुसट होत चाललीय, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवतेय. ज्यांचे वडील, काका, आजोबा फडात हलगी, झांज, तुणतुण्यावर होते, त्यांनी जरूर यावं. मागची बाजू बघू, नाव असेल तर अर्ज मी भरून देईन.

एक अडचण मात्र तुम्हीच करून ठेवलीत. काही ठिकाणी नुसतं लिहिलंय, "हलगी: नेहमीचा." आता हा नेहमीचा कोण? दोन म्हाताऱ्यांना दाखवलं, तर दोघंही म्हणाले, "मीच की!" आणि तिथेच भांडायला उठले. दोघांचेही अर्ज भरलेत.

आपली,
तुणतुणेवाल्यांची लेक